चार दिवसांसाठी सगळं सामान?

पत्र: गोव्यात ताळगावला आमच्या वरच्या खोलीत एक अफगाण मुलगी भाड्याने राहते. विद्यापीठात एमएस्सी करतेय, तालिबान आल्यापासून घरी गेलेली नाही. पाच वेळा नमाज, अभ्यास, रात्री साडेनऊला धाकट्या बहिणीला फोनवर गणित शिकवणं, तिचा धीर बघून आम्ही थक्क व्हायचो. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, नवऱ्याकडचे पाव्हणे येणार म्हणून चार दिवस मैत्रिणीकडे जा म्हटलं, तर सगळं सामान घेऊन गेली. आता परत येऊन महिना झाला पण गप्प असते, बॅगा भरलेल्याच, आणि नमाजही हल्ली लवकर आटपते. आम्ही म्हाळसेचे कुळावी, म्हणजे ती आमची कुलदेवी, श्रद्धा सुटली की माणूस खचतो हे मला कळतं. तिची श्रद्धा उडाली असेल का? काउन्सेलरकडे नेऊ का? — एक घरमालकीण

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या चवथीच्या वाक्यावरच अडकले. तुम्ही ते इतक्या सहज लिहून पुढे गेलात की मला वाटतं तुम्हाला अजून लक्षातच आलेलं नाही की सगळं पत्र त्या एका वाक्यात आहे.

चार दिवसांसाठी कोणी सगळं सामान नेतं का? ती नेते, आणि का नेते ते सांगते. 2020 मध्ये कोविडमुळे कॉलेजं बंद झाली तेव्हा इथे शिकणारी कितीतरी अफगाण मुलं थोड्या दिवसांसाठी म्हणून घरी गेली, पुस्तकं, कपडे इथल्या खोल्यांतच ठेवून. 15 ऑगस्ट 2021 ला काबूल तालिबानच्या हातात गेलं आणि त्याच महिन्यात आपल्या सरकारने देशाबाहेर असलेल्या अफगाणांचे आधी दिलेले व्हिसा रद्द केले, झालं, बरीच मुलं तिकडेच अडकली, सामान इकडे आणि ती तिकडे. त्यातली एखाद-दुसरी तरी हिच्या ओळखीची असणारच. थोडे दिवस जाऊन ये ह्या शब्दांचा अर्थ तिच्या कानाला काय लागला असेल तो विचार करा. तिने भांडण केलं नाही, चेहरा पाडला नाही, जानमाजपासून, म्हणजे नमाजाच्या चटईपासून, सगळं बॅगेत भरलं आणि निघाली.

आणखी एक. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही, त्यामुळे कागदावर ती नुसती विद्यार्थिनी, कोर्स आहे तोवर. तिला ठेवून घेताना परदेशी भाडेकरूची सरकारकडे नोंद करायचा फॉर्म सी तुम्हीच भरला असेल ना? म्हणजे ह्या देशात सरकारदरबारी तिचा पत्ता कुठला तर तुमच्या घराचा. त्याच घरातून तिला बाहेर काढलं, आणि तेही घरात देव बसवायचा म्हणून. मला राग आलाय ताई, लपवत नाही.

आता नमाजाचं. प्रवासात असलेल्या माणसाला चार रकअतचा (रकअत म्हणजे नमाजाची एक आवृत्ती) नमाज दोन रकअतचा करायची मोकळीक असते, आणि हनफी लोकांत, म्हणजे बहुतेक अफगाण ज्या परंपरेचे, पंधरा दिवस एका जागी राहायचं नक्की नसेल तर माणूस प्रवासीच धरतात. ती तेच करते असं मी म्हणणार नाही, तिच्या मनातलं मला काय माहीत. पण बॅगा भरून ठेवलेली मुलगी नमाज लहान करते ह्यावरून श्रद्धा उडाली असं म्हणू नका. मला तर उलट वाटतं, घर गेलं, आईबाप तिकडे, आणि दिवसातून पाच वेळा ती चटई अंथरून समुद्राच्या बाजूला तोंड करून उभी राहते तेवढीच तिची पक्की जागा. आणि धीर बघायचा असेल तर साडेनऊचा फोन बघा. तिकडे अफगाणिस्तानात सहावीनंतर मुलींच्या शाळा बंद, डिसेंबर 2022 पासून बायकांना विद्यापीठही बंद, आणि ही ताळगावच्या खोलीतून रोज शाळा भरवतेय, एका विद्यार्थिनीची. अशा मुलीला काउन्सेलर नंतर बघू.

तुम्ही म्हाळसेचे कुळावी म्हणून हे तुम्हालाच सांगते. म्हार्दोळची म्हाळसा मुळात वेर्ण्याची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी साष्टीतली देवळं पाडायला घेतली तेव्हा आपल्या लोकांनी देव उचलले आणि झुवारी नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे, आणले, कुठ्ठाळीचा मंगेश 1560 मध्ये असाच प्रियोळला आला. शेतं, घरं मागे टाकली पण देवी बरोबर घेतली. आणि अंत्रुज तेव्हा कोणाच्या मुलखात होतं? आदिलशहाच्या. तिथे जागा मिळाली म्हणून आज तुम्ही म्हार्दोळला जाऊन ओटी भरता. जानमाज बॅगेत भरून जिना उतरणारी ती पोर आणि देवी घेऊन होडीत बसलेले आपले पूर्वज, मला तरी फरक दिसत नाही.

तेव्हा एकच करा. खोलीची किल्ली तिच्याकडे असेलच, खालच्या मुख्य दाराचीही एक करून घ्या आणि तिच्या हातात द्या. चवथीला तुला जायला सांगितलं ती माझी चूक, असं सरळ म्हणा, पाव्हण्यांचं, नवऱ्याचं नाव मध्ये आणू नका, आणि पुढच्या चवथीला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधताना तू खाली पाहिजेस हेही आत्ताच सांगून टाका, तिला एवढ्या लांबची तारीख कोणीतरी द्यायला हवी. बॅगा उघड म्हणून मागे लागू नका, तिला वाटेल तेव्हा ती उघडेल.

आजच जा. फक्त साडेनऊच्या आधी जा, नंतर तिची बहीण फोनची वाट बघत असते.