डबा कुठे खायचा?

प्रश्न : काका, मी २८ वर्षांचा, नाशिकच्या सिडकोत राहतो. अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे, चार वर्षं दोन महिने झाली. काम आवडतं. पण जेवणाची सुट्टी जवळ आली की पोटात गोळा येतो. कॅन्टीनमध्ये सगळे एका टेबलावर, चेष्टामस्करी चालू. मला काही सुचत नाही, कपाळाला घाम फुटतो, चहाचा कप धरला की हात थरथरतो. वर्षभर डबा पार्किंगमध्ये गाडीवर बसून खातोय. रविवारी सगळे मिसळीला जातात, मी दर वेळी ‘गावाला चाललोय’ सांगतो. माणसं वाईट नाहीत. सिन्नरला तेवढ्याच पगारावर दुसरी नोकरी मिळतेय. सोडू का?
– एक वाचक

उत्तर : तुला अरेतुरे करतो, राग मानू नकोस. कारखान्याच्या टाइम ऑफिसात, म्हणजे कामगारांची हजेरी ठेवणाऱ्या कचेरीत, माझी सगळी उमर गेली. राजीनामे शेकड्यांनी हातात घेतले, आणि बहुतेकांवर कारण एकच : ‘घरगुती अडचणीमुळे’. खरं कारण गेटपास परत देताना कळायचं. कुणाचं फोरमनशी पटत नव्हतं, कुणाला डबा खायला सोबत नव्हती.

मीही त्यातलाच. सातपूरला लागलो तेव्हा पहिले कितीतरी महिने स्टोअरच्या मागे ग्रीसच्या ड्रमवर बसून जेवायचो. निफाडकडचा एक टर्नर रोज तिथून जाताना एवढंच विचारायचा, ‘साहेब, लोणचं आहे का?’ एके दिवशी लोणचं घेऊन मीच त्याच्या बाकावर जाऊन बसलो. आम्ही फारसं बोललो नाही. तो मुळात बोलणाराच नव्हता.

म्हणून म्हणतो, पूर्ण टेबल जिंकायला जाऊ नकोस. मान खाली घालून जेवणारा एक तरी गडी प्रत्येक कॅन्टीनमध्ये असतो. त्याच्या शेजारी दहा मिनिटं बस, मग ऊठ. चहाचा कप भरलेलाच घे. सांडला तर सांडला, कारखान्यातल्या कपड्यांवर चहाचा डाग कोण बघतो? टाळत गेलास की भीती वाढते. आधी टेबल सुटलं, मग मिसळ, आता नोकरी सुटायला आलीय.

सिन्नरचं म्हणशील, तर कॅन्टीन तिथेही असणार. कंपनीची बस असली तर जाता-येता शेजारी माणूस बसणार, त्याला पार्किंग कुठून आणशील? तुझी कोणी टिंगल करत असतं, डबा लपवत असतं, तर मी आजच सोड म्हटलं असतं. तसं तू एका ओळीतही लिहिलेलं नाहीस.

आता हिशेबाचं. सलग पाच वर्षं भरली की राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी, म्हणजे कंपनीकडून नोकरी सोडताना एकरकमी पैसे, मिळते. शेवटचा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून महिना १८,००० धरला, तर त्याला २६ ने भागून १५ ने गुणायचं, मग पाच वर्षांनी. साधारण ५२ हजार होतात. तुझे दहा महिने उरलेत. पैशासाठी जीव जाळू नये, पण त्रास दिवसातल्या अर्ध्या तासाचा असेल तर दहा महिने काढता येतात. गेलासच तर पीएफ काढू नकोस, नव्या खात्यात वळता कर.

आणि एक. घाम, थरथर, खोटी कारणं हे सगळं वर्षभर चाललंय, म्हणजे नुसता लाजाळू स्वभाव म्हणून सोडून देऊ नकोस. यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. समोरासमोर बोलावं लागत नाही, ही तुझ्या सोयीचीच गोष्ट.

येत्या रविवारी मिसळीला जा. स्वतःच्या गाडीवर जा, म्हणजे नको वाटलं की निघता येईल. रस्सा तिखट असला की सगळ्यांच्याच कपाळाला घाम येतो.