व्यायाम आणि म्हातारपण : संशोधनाला अजून काय उरलंय?

तुम्ही विचारलंय, "म्हातारपणी व्यायाम चांगला, हे सगळ्यांना माहीत आहे. मग या विषयात पीएचडी करायची तर नवीन शोधायला उरलंय काय?" मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझे बहुतेक रुग्ण सत्तरीपुढचे. मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचं तेच उरलंय. आजवरच्या प्रयोगांत जी म्हातारी माणसं घेतलीच गेली नाहीत, त्यांच्याबद्दल आपल्याला फार थोडं कळतं.

म्हातारा स्नायू ताकद कमावतो का, हा प्रश्न कधीच निकालात निघाला. १९९० साली अमेरिकेतल्या संशोधक मारिया फियातारोने यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या १० जणांना ८ आठवडे वजनांचा व्यायाम दिला. ज्यांनी तो पुरा केला त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हे पुन्हा सिद्ध करण्यात वर्षं घालवू नका.

खरी गुंतागुंत औषधांची आहे. सत्तरीतला माणूस तपासायला येतो तो गोळ्यांचा डबा घेऊनच. प्रयोगांत मात्र शक्यतो निरोगी माणसं घेतात. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिन या गोळीचंच बघा. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ६५ वर्षांपुढच्या, मधुमेह नसलेल्या लोकांनी १४ आठवडे वजनांचा व्यायाम केला. काहींना मेटफॉर्मिन दिलं, काहींना औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी. ज्यांना मेटफॉर्मिन मिळालं त्यांचे स्नायू कमी वाढले. आता ज्यांना मधुमेह आहे, जे ही गोळी वर्षानुवर्षं घेतात, त्यांच्यात काय होतं? गोळीची वेळ आणि व्यायामाची वेळ लांब ठेवली तर फरक पडतो का? (हे वाचून कुणी आपल्या मनाने गोळी बंद करू नका, साखर ताब्यात असणं स्नायूंनाही हवंच असतं.) वजन कमी करणारी नवी इंजेक्शनं हा पुढचा मोठा प्रश्न. त्यात चरबीबरोबर स्नायूही जातात. तरुणाला ते भरून काढता येतं, पण पंच्याहत्तरीच्या माणसाने किती आणि कोणता व्यायाम केला म्हणजे स्नायू टिकतील, हे ठरवायला नीट प्रयोग हवेत.

दुसरी अडचण मोजमापाची, आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. आम्ही ३० सेकंदांची खुर्चीची चाचणी घेतो : हात छातीवर बांधायचे आणि किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. हातांचा आधार घेतला की गुण शून्य. आता एखाद्या आजी आधी दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे रेटून, एक झोका घेऊन कशाबशा उठायच्या. काही आठवड्यांनी त्या एकाच हाताच्या आधाराने, झोका न घेता उठू लागल्या. म्हणजे आता दुसऱ्या हातात पाण्याचा पेला धरून उठता येतं. कागदावर आधीही शून्य, आताही शून्य. सगळ्यात अशक्त माणसांतली सुधारणा दिसेल असं मोजमाप कुणी तयार केलं, तर ते एकटंच पीएचडीच्या मोलाचं काम आहे.

किती लोक वारले यावरच प्रयोग तोलायची सवयही सोडायला हवी. नॉर्वेत ट्रॉनहाइमला ७० ते ७७ वयाच्या १,५६७ जणांवर ५ वर्षं प्रयोग चालला. व्यायाम करवून घेतलेल्यांत आणि तुलनेच्या गटात मृत्यूंचा ठळक फरक दिसला नाही. त्याचं एक कारण असं असू शकतं की तुलनेच्या गटातले लोकही मुळात चांगलेच हिंडते-फिरते होते.

तुम्हाला एकच विषय सुचवायचा तर मी हॉस्पिटलमधून घरी आल्यानंतरचे पहिले तीन महिने सुचवेन. स्पेनमध्ये पाम्प्लोना इथे सरासरी ८७ वर्षांच्या ३७० रुग्णांवर प्रयोग झाला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. दाखल असतानाच ज्यांच्याकडून रोज सकाळ-संध्याकाळ व्यायाम करून घेतला, ते घरी जाताना, दाखल झाले तेव्हापेक्षा थोडे सुधारलेले होते. बाकीच्यांची रोजची कामं करण्याची क्षमता घटली होती. घरी पोचल्यावर ही कमाई कशी टिकवायची, व्यायाम कुणी करून घ्यायचा, आठवड्यातून किती वेळा, आणि मध्येच ताप आला, चार दिवस अंथरुणाला खिळले, तर पुन्हा कुठून सुरुवात करायची? हे प्रश्न मला नातेवाईक रोज विचारतात. मी अनुभवाने उत्तर देते. त्यामागे पुरावा उभा करणारं कुणीतरी हवंय.