नाशिकमधून टीव्हीवर संरक्षण आणि परराष्ट्र बातम्यांचं प्रोड्युसर होता येईल का?

तुम्ही बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहात, घर नाशिकला आहे, आणि दिल्लीत ओळख नसताना या कामात शिरता येईल का, प्रोड्युसर नेमकं करतो काय, असं विचारलंय. मी मुंबईतल्या एका वृत्तवाहिनीत हेच काम सोळा वर्षं केलं. माझं घर नाशिकजवळच्याच देवळालीचं. येईल शिरता, आणि नाशिकची असल्याचा तुम्हाला फायदाच होईल.

९ नोव्हेंबर २०१८ ला देवळालीत के-९ वज्र आणि एम-७७७ या तोफा लष्करात दाखल झाल्या. व्हिज्युअल्स आली आणि डेस्कवरच्या मुलाने सुपर, म्हणजे पडद्यावर खाली दिसणारी ओळ, टाकला: 'लष्कराच्या ताफ्यात नवे रणगाडे'. त्याला तरी काय बोलणार? वज्रला रणगाड्यासारखेच पट्टे, वर फिरता बुरूज, पुढे लांब नळी. पण ती १५५ मिलिमीटरची तोफ आहे. ती शत्रूला समोरासमोर भिडत नाही, मागे राहून कित्येक किलोमीटरवर मारा करते. बुलेटिनला चार मिनिटं होती, तेवढ्यात सुपर बदलून घेतला. हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं. लहानपणी रेंजवर फायरिंग सुरू झालं की आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, आणि शेजारचे निवृत्त सुभेदार काका नुसत्या आवाजावरून तोफ ओळखायचे. तुमच्याकडे तोफखाना आहे, ओझरला विमानं बनवणारी एचएएल आहे. तिथे काम केलेली माणसं तुमच्या गल्लीत असतील, त्यांच्याशी बोला.

प्रोड्युसर पडद्यावर दिसत नाही. रनडाऊन म्हणजे बुलेटिनमधल्या बातम्यांचा क्रम लावणं, बाहेरून येणारं फीड म्हणजे चित्रण तपासणं, फोनो म्हणजे फोनवरून बोलणारा वार्ताहर जोडून देणं, अँकरच्या कानात पुढचा प्रश्न सांगणं हे रोजचंच. या विषयात मात्र सगळ्यात अवघड काम बातमी रोखून धरण्याचं असतं.

२७ फेब्रुवारी २०१९, बालाकोटच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. काश्मीरमधल्या बडगामला हवाई दलाचं विमान पडल्याचं आलं. तिकडे पाकिस्तान दोन भारतीय विमानं पाडल्याचं सांगत होता. दोन्ही जोडून ब्रेकिंग चालवणं एका मिनिटाचं काम होतं. वरून सारखी विचारणा होत होती, बाकीच्यांकडे सुरू आहे, आपल्याकडे का नाही? मी 'कारण अद्याप स्पष्ट नाही' एवढीच ओळ ठेवली. ते विमान नव्हतंच, एमआय-१७ हेलिकॉप्टर होतं, आणि आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं होतं. हवाई दलप्रमुखांनी ते ऑक्टोबरमध्ये जाहीरपणे मान्य केलं. हवाई दलाचे सहा जण आणि एक नागरिक गेले. त्यातले एक वैमानिक आपल्या नाशिकचे होते. ज्यांचं माणूस त्या हेलिकॉप्टरमध्ये असतं, त्या घरातही टीव्ही चालू असतो. तेव्हापासून अशा प्रत्येक बातमीला मला ते घर आठवतं.

परराष्ट्राच्या बातमीत शब्द तोलावे लागतात. एप्रिल २०२२ मध्ये युक्रेनच्या बुचा शहरातल्या हत्यांचा भारताने संयुक्त राष्ट्रांत निषेध केला आणि स्वतंत्र चौकशीला पाठिंबा दिला, पण रशियाचं नाव घेतलं नाही. 'भारताकडून रशियाचा निषेध' ही हेडलाईन आकर्षक झाली असती, आणि साफ चुकीची.

दिल्लीचं म्हणाल तर, मंत्रालयं तिथे आहेत म्हणून रिपोर्टर तिथे लागतो. मराठी वाहिन्यांचं डेस्क बहुतेक मुंबईतच. सुरुवात रात्रपाळीने होईल, पगार बेताचाच. पण अमेरिकेच्या बातम्या बहुतेक आपल्या रात्रीच येतात, त्यामुळे शिकायला तीच पाळी चांगली. पुढे संरक्षण मंत्रालय पत्रकारांसाठी संरक्षण वार्ताहरांचा अभ्यासक्रम घेतं, त्यासाठी संपादकांच्या मागे लागा.

आजपासून एक करा. परराष्ट्र मंत्रालयाच्या साप्ताहिक ब्रीफिंगचं इंग्रजी टिपण त्यांच्या संकेतस्थळावर येतं. त्यातलं एक उत्तर घ्या आणि वाचायला चाळीस सेकंद लागतील एवढी मराठी कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, लिहा. मग मूळ टिपण शेजारी ठेवून बघा, प्रवक्ते जे बोललेच नाहीत असं तुमच्या कॉपीत काय शिरलंय. पहिल्या पाच-सहा कॉप्या मला इथेच पाठवा, मी तपासून देईन.