माया गावात सेवेला जाताना

मुलगी अमेरिकेत शिकते. कॉलेजच्या गटाबरोबर आठवडाभर मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात, माया या मूळनिवासी लोकांच्या गावात चुली बांधायला जाणार आहे. बांधकामातलं तिला काहीच येत नाही. तिचा उपयोग होईल?

होईल, पण गवंडी गावचाच हवा. तिथल्या डोंगराळ भागात अजूनही अनेक घरांत तीन दगडांवर उघडा जाळ असतो. धूर घरातच कोंडतो आणि तो बायकांच्या छातीत जातो, पाठीवरच्या तान्ह्या लेकराच्याही. सुधारित चुलीला विटांचं बांधकाम, वर लोखंडी पत्रा आणि छपराबाहेर निघणारं धुराडं असतं. पत्र्यावर मक्याच्या बऱ्याच तोर्तिया एकदम भाजता येतात. पण पत्रा वाकला, धुराडं काजळीने तुंबलं की बाई पुन्हा तीन दगडांकडे वळते. म्हणून आयोजकांना आधी विचारा, दुरुस्ती कोण करणार? चुलीची जागा आणि उंची घरच्या बाईला विचारून ठरवली का? उत्तर गुळमुळीत आलं तर प्रवासाचे पैसे गवंड्याच्या मजुरीसाठी द्या. उत्तर चोख असेल तर मुलीला खुशाल जाऊ द्या. विटा वाहायला, माती कालवायला हात लागतातच.

मी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिथे रुग्ण तपासायला मिळतील का?

आपल्या वॉर्डात जे एकट्याने करायची मुभा नाही, ते तिथेही करू नका. गरिबाचं शरीर सरावासाठी नसतं. नोंदी ठेवा, देखरेखीखाली रक्तदाब मोजा. गावात बाळंतपणं करणाऱ्या सुईणी असतात, त्यांना कोमाद्रोना म्हणतात. त्यांच्याजवळ बसा, ऐका.

स्पॅनिश येत असेल तर भागेल?

शाळा, दवाखाना, बाजारात भागेल. घरातल्या आजीशी कदाचित नाही. ग्वाटेमालात 22 माया भाषा आहेत. आतित्लान सरोवराकाठच्या सांतियागोत त्सुतुहिल बोलतात, तर पलीकडे सोलोलात कक्चिकेल. दुभाष्या गावातलाच घ्या आणि त्याला मजुरी द्या.

घरच्यांशी गप्पा मारताना काय टाळावं?

युद्धाबद्दल आपणहून विचारू नका. 1960 ते 1996 या काळातल्या यादवीत दोन लाखांहून अधिक माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली, असं सत्यशोधन आयोगाने म्हटलं. ओळख पटलेल्या बळींत 83 टक्के माया होते. त्यांनी विषय काढला तर ऐकून घ्या, मोबाइल खिशात ठेवून. लेकरांचे फोटो आईबापांना विचारूनच काढा.