सगळीच वाक्ये ‘आहे’वर का संपतात?

शाळकरी मुलांच्या लेखनातील वाक्यरचनेविषयी शिक्षक, पालक आणि विद्यार्थ्यांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

आठवीच्या मुलांचे शुद्धलेखन बरे आहे, विषयाची माहितीही असते. पण निबंध वाचताना यादी वाचल्यासारखे वाटते. नेमके काय चुकते? (शिक्षिका, सातारा जिल्हा)

एक नमुना घेऊ. ‘आमच्या गावात दर मंगळवारी बाजार असतो. बाजार खूप मोठा आहे. बाजारात भाजीवाले असतात. तिथे कापडाची दुकाने असतात. बाजारात खूप गर्दी असते. मला बाजार खूप आवडतो.’

व्याकरणाची एकही चूक नाही. पण सहापैकी पाच वाक्ये ‘असणे’ या एकाच क्रियापदावर संपतात, ‘बाजार’ हा शब्द पाच वेळा येतो आणि पहिले वाक्य सोडले तर प्रत्येक वाक्यात तीन किंवा चारच शब्द आहेत. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने कान तिथेच टेकतो. तिथे तोच ध्वनी पुन्हा पुन्हा आला, की कंटाळा येतो.

म्हणून सुरुवात क्रियापदापासून करा. मुलांना प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या शब्दाखाली रेघ मारायला सांगा आणि विचारा: भाजीवाले नुसते ‘असतात’, की काही करतात? मग उतारा असा होतो: ‘दर मंगळवारी आमच्या गावात मोठा बाजार भरतो. एसटी स्टँडपासून देवळापर्यंत भाजीवाले बसतात, पलीकडच्या गल्लीत कापडवाले ठाण मांडतात. दुपारनंतर गर्दी इतकी वाढते, की सायकल हातात धरून चालावे लागते. तरी मला बाजार चुकवावासा वाटत नाही.’

भरतो, बसतात, मांडतात, वाढते. क्रियापद नेमके झाल्याबरोबर जागा, वेळ आणि हालचाल आपोआप आली. ‘खूप’ तीन वेळा होते, ते एकदाही लागले नाही. ‘बाजार मोठा आहे’ हे वेगळे वाक्य उरले नाही, कारण ‘मोठा’ला स्वतंत्र वाक्य देण्याइतके त्यात काही नव्हते. मुलांनी समासात प्रत्येक वाक्याची शब्दसंख्या लिहावी. आधीचा उतारा ६, ४, ३, ४, ४, ४ असा होता. नवा ७, १०, १०, ६ असा आहे. हे आकडे म्हणजे नियम नव्हे. पण सलग चार-पाच वाक्यांचा आकडा एकच आला, तर तिथे थांबून पाहावे.

माझा मुलगा सगळी वाक्ये ‘आणि मग’ने जोडतो. ते तोडायला सांगितले, की तुटक लिहितो. मधला मार्ग कोणता? (पालक, नांदेड)

‘आणि मग’ एवढेच सांगते, की एकानंतर दुसरे घडले. मुलाला आधी दोन गोष्टींमधले नाते ठरवायला सांगा; जोडणारे रूप त्यानंतर शोधायचे. ‘पाऊस थांबला’ आणि ‘आम्ही निघालो’ ही दोन वाक्ये द्या. पाऊस थांबल्यावर निघालो, थांबताच निघालो, थांबल्यामुळे निघालो, थांबण्यापूर्वीच निघालो, थांबेपर्यंत निघालो नाही. पाच वाक्ये, पाच वेगळे प्रसंग. धातूला, म्हणजे क्रियापदाच्या मूळ रूपाला, लागणारी ही रूपे मराठीचे मोठे सामर्थ्य आहे, आणि मुले ती बोलताना रोज वापरतात. वहीत मात्र आणत नाहीत. अशा जोड्या रोज दोन, तोंडी घ्या. पंधरा दिवसांत फरक दिसू लागतो.

अशाच रूपांपैकी ‘ऊन’ प्रत्ययाच्या (उठून, करून) रूपाची जरा काळजी घ्यावी लागते. ‘उठून, दात घासून, अंघोळ करून, डबा भरून शाळेत गेलो’ ही पुन्हा यादीच झाली. एका वाक्यात एक, फार तर दोन पुरेत. दुसरी अडचण कर्त्याची. ‘मी दप्तर आवरून झोपलो’ ठीक, कारण आवरणारा आणि झोपणारा एकच. ‘पाहुणे येऊन आम्ही जेवलो’ हे खटकते, कारण कर्ते दोन. तिथे ‘पाहुणे आल्यावर’ हवे. ‘भिंत पडून दोघे जखमी झाले’ मात्र चालते, कारण तिथे ‘ऊन’ कारण सांगते.

‘ताना’ही असेच फसवते. ‘मी त्याला रस्ता ओलांडताना पाहिले’ यात रस्ता कोण ओलांडत होते? ‘तो रस्ता ओलांडत असताना मला दिसला’ असे लिहिले, की प्रश्न मिटतो.

मुलगी इंग्रजी माध्यमात सातवीत आहे. मराठी अस्खलित बोलते, पण लिहिलेले परके वाटते. (आई, पुणे)

तुम्ही पाठवलेल्या वहीत तीन गोष्टी वारंवार दिसतात. पहिली: ‘मी माझ्या आजीला भेटले जी नाशिकला राहते.’ मराठीत ‘जो-जी-जे’चे वाक्य सहसा आधी येते आणि मुख्य वाक्यातला ‘तो-ती-ते’ त्याला उत्तर देतो: ‘ज्यांनी झाडे लावली, त्यांना बक्षीस मिळाले.’ पण आजीच्या बाबतीत तेही नको. ‘जी आजी नाशिकला राहते, तिला भेटले’ म्हटले, तर दुसरी आजी दुसरीकडे राहते असा अर्थ निघतो. ‘नाशिकला राहणाऱ्या आजीला भेटले’ किंवा नुसते ‘नाशिकला जाऊन आजीला भेटले’ हे तिच्या तोंडचे मराठी आहे.

दुसरी: ‘हे चित्र माझ्या मैत्रिणीद्वारे काढले गेले.’ इथे ‘हे चित्र माझ्या मैत्रिणीने काढले’ एवढेच हवे. मराठीत क्रियापदाच्या लगेच आधीच्या जागेला वजन असते. ‘माझ्या मैत्रिणीने हे चित्र काढले’ आणि ‘हे चित्र माझ्या मैत्रिणीने काढले’ ही दोन्ही वाक्ये मोठ्याने म्हणून पाहा. दुसऱ्यात जोर काढणारीवर जातो. शब्दांची जागा बदलून विविधता आणण्याची ही सोय मराठीत भरपूर आहे आणि निबंधांत तिचा वापर फार थोडा होतो, याचे वाईट वाटते.

तिसरी: प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला ‘मी’. मराठीत कर्ता संदर्भाने कळत असेल, तर गाळता येतो. परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात ‘मी’ ठेवा, पुढचे ‘मी’ खोडून वाचा. जिथे अर्थ अडतो, तिथेच परत घाला.

केवल, मिश्र, संयुक्त वाक्ये मला ओळखता येतात. निबंधात कोणती किती वापरावीत? (दहावीचा विद्यार्थी, रत्नागिरी)

केवल म्हणजे एकच विधान असलेले वाक्य, मिश्र म्हणजे मुख्य वाक्य आणि त्यावर अवलंबून असलेले गौण वाक्य, संयुक्त म्हणजे ‘आणि’, ‘पण’ यांसारख्या शब्दाने जोडलेली स्वतंत्र वाक्ये. पण त्यांचे प्रमाण ठरवून लिहू नकोस. प्रसंग भराभर सांगायचा असेल, तर लहान केवल वाक्ये चांगली. कारण किंवा अट सांगायची असेल, तर मिश्र वाक्य उपयोगी पडते; विरोध सांगायचा असेल, तर ‘पण’ने जोडलेले संयुक्त. लांब वाक्य म्हणजे प्रौढ लेखन, हा समज मात्र सोडून दे. वाक्य वीस शब्दांच्या पुढे गेले, की कर्ता आणि क्रियापद यांच्यात किती अंतर पडले ते बघ. क्रियापद येईपर्यंत वाचणाऱ्याला सगळे लक्षात धरावे लागते. अंतर फार झाले असेल, तर वाक्य तोड.

‘तसेच’, ‘त्याचप्रमाणे’, ‘शिवाय’ असे जोडशब्द पाठ करून घेतले. तरी परिच्छेद एकसंध होत नाही. (शिक्षक, जळगाव)

जोडशब्दावर बोट ठेवून वाक्य वाचा. तो नसताना अर्थ तोच राहिला, तर काढून टाका. एकसंधपणा बहुधा ओळखीच्या गोष्टीकडून नव्या गोष्टीकडे जाण्याने येतो. ‘शाळेमागे एक जुनी विहीर आहे. पोरे उन्हाळ्यात दुपारी त्या विहिरीत पोहतात’ यापेक्षा ‘शाळेमागे एक जुनी विहीर आहे. त्या विहिरीत उन्हाळ्यात दुपारी पोरे पोहतात’ हे सरळ पुढे जाते. मागच्या वाक्यातली विहीर पुढच्याच्या सुरुवातीला आली, एवढाच फरक. ‘मात्र’, ‘तरी’, ‘म्हणून’ हे शब्द जपून ठेवा. ते खरोखर नाते सांगतात.

वर्गात साठ मुले आहेत. एवढ्या वह्यांत वाक्यरचना कशी तपासणार? (शिक्षिका, कोल्हापूर)

सगळे एकदम तपासू नका. एका निबंधात एकच गोष्ट पाहायची, आणि ती मुलांना आधी सांगायची: या वेळी फक्त क्रियापदे, पुढच्या वेळी फक्त वाक्यांची सुरुवात. पूर्ण निबंधाऐवजी मुलाने स्वतः निवडलेला एक परिच्छेद बघा. वही तुमच्याकडे येण्यापूर्वी तो शेजाऱ्याने मोठ्याने वाचावा आणि लिहिणाऱ्याने ऐकावा. जिथे वाचणारा अडखळतो, तिथे पेन्सिलीने खूण. लिहिणाऱ्याने स्वतः वाचले, तर मनातले वाचतो, कागदावरचे सुटते.

तुम्ही वाक्य दुरुस्त करून देऊ नका. समासात ‘नाते?’ किंवा ‘कर्ता?’ एवढेच लिहा आणि तो परिच्छेद पुन्हा लिहून घ्या. नवे रूप शिकवल्यावर मुले काही दिवस तेच जिथे-तिथे घालतात. ते होऊ द्या. तेव्हा गुण कापले, तर ती पुन्हा ‘आहे’वर जातात, कारण तिथे चुकण्याची भीती नसते.