वाचकांचे प्रश्न : मंचावर टाळ्या, दाखल्यावर ‘पुरुष’

प्रश्न : फिलिपिन्समध्ये ट्रान्स स्त्रियांच्या सौंदर्यस्पर्धा गावच्या उत्सवातही भरतात. मग तिथे भेदभाव होतो असं का म्हणतात? (वाचक, नाशिक)

उत्तर : स्पर्धा खऱ्या आहेत आणि लोक त्या आवडीने बघतात. ‘प्यू’ या अमेरिकन संशोधन संस्थेच्या २०१३ च्या सर्वेक्षणात ७३ टक्के फिलिपिनोंनी समलैंगिकता समाजाने स्वीकारावी असं सांगितलं होतं. पण ट्रान्स स्त्रीला मोकळेपणाने वावरू देणाऱ्या जागा मोजक्याच आहेत : मंच, ब्यूटी पार्लर, विनोदी कार्यक्रम. ती शिक्षिकेच्या किंवा बँकेतल्या नोकरीसाठी गेली की ‘केस कापून या’ असं ऐकावं लागतं. भाषेचाही यात हात आहे. ‘बाक्ला’ या एकाच शब्दात बायकी समजले जाणारे गे पुरुष आणि ट्रान्स स्त्रिया अशा दोघांना कोंबतात, म्हणजे ती पुरुषाचाच एक प्रकार ठरते. म्हणून तिथल्या ट्रान्स स्त्रियांनी ‘ट्रान्सपिनाय’ हा शब्द रुजवला. ‘पिनाय’ म्हणजे फिलिपिनो स्त्री.

बातान प्रांतातून जेराल्डीन रोमान २०१६ मध्ये संसदेवर निवडून आल्या, तिथल्या पहिल्या ट्रान्स खासदार. पुढच्याच वर्षी भेदभावविरोधी विधेयक प्रतिनिधिगृहात १९८ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झालं. सिनेटने मात्र ते पार होऊ दिलं नाही. असं विधेयक पहिल्यांदा मांडलं गेलं २००० साली! हिंसेचं म्हणाल तर २०१४ मध्ये ऑलोंगापो शहरात जेनिफर लाउदे या ट्रान्स स्त्रीला एका अमेरिकन सैनिकाने ठार मारलं. खटला खुनाचा होता, शिक्षा झाली सदोष मनुष्यवधाची, आणि २०२० मध्ये अध्यक्ष दुतेर्ते यांनी त्याला पूर्ण माफी दिली. हा अन्याय तिथल्या ट्रान्स स्त्रिया विसरलेल्या नाहीत, विसरूही नये.

प्रश्न : मी पुण्यात मनुष्यबळ विभागात आहे. आमच्या फिलिपिन्समधल्या क्वेझॉन सिटी कार्यालयातल्या ट्रान्स सहकारी स्त्रीच्या सगळ्या कागदांवर जुनंच नाव आणि ‘पुरुष’ येतं. ते बदलता येत नाही का? (वाचक, पुणे)

उत्तर : लिंगाची नोंद आज बदलता येत नाही. नावाची वाट अरुंद आहे, पण आहे.

तिथे सगळं जन्मदाखल्यावर उभं आहे. पासपोर्टसुद्धा त्यावरूनच निघतो. २०१२ च्या कायदा क्र. १०१७२ खाली दाखल्यावरचं लिंग कोर्टात न जाता दुरुस्त होतं, पण फक्त लिहिण्यातली चूक असेल तर. शिवाय अर्जाला सरकारी डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, की या व्यक्तीने लिंगबदल केलेला नाही. म्हणजे जिला गरज आहे तिलाच तो अर्ज बाहेर ठेवतो. कोर्टातही हेच. बँकॉकमध्ये शस्त्रक्रिया झालेल्या एका ट्रान्स स्त्रीच्या बाजूने मनिलाच्या न्यायालयाने २००३ मध्ये निकाल दिला, पण तिच्याच प्रकरणात, म्हणजे सिल्वेरिओ खटल्यात, २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला : असा बदल करू देणारा कायदाच नाही, तो संसदेने करावा. पुढच्याच वर्षी कागांदाहान खटल्यात जन्मतः आंतरलिंगी (शरीराची लक्षणं पूर्ण स्त्री किंवा पूर्ण पुरुष अशी नसलेल्या) व्यक्तीला बदल मिळाला, कारण तिथे बदल निसर्गाने घडवला असं न्यायालयाने मानलं.

नावासाठी २००१ चा कायदा क्र. ९०४८ आहे. अर्ज स्थानिक नागरी निबंधकाकडे करायचा, शुल्क ३,००० पेसो. वर्तमानपत्रात सलग दोन आठवडे, आठवड्यातून एकदा जाहिरात द्यायची. पोलिसांचा निर्वाळा लागतो, आणि चौकशी प्रलंबित नसल्याचं नोकरी देणाऱ्याचं पत्रही. अर्ज फसतो तो कारणात. लिंगबदल हे नावबदलाचं कारण सिल्वेरिओ निकालाने मान्य केलेलं नाही. ‘हे नाव मी सातत्याने वापरते आणि लोक मला याच नावाने ओळखतात’ हे कारण मात्र कायद्यातच आहे, आणि त्याला पुरावा लागतो.

तो पुरावा तुम्ही देऊ शकता. ओळखपत्र, ईमेल, हजेरीपट, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं तिच्या वापरातल्या नावाने काढा. कायदेशीर नाव फक्त पगार, कर आणि सामाजिक सुरक्षेच्या नोंदीत राहू द्या. गडबड बहुधा पगाराच्या यादीतून होते : तीच यादी गेटवरच्या सुरक्षारक्षकाकडे छापून जाते आणि सगळ्यांसमोर जुनं नाव पुकारलं जातं. दोन याद्या वेगळ्या ठेवा.

प्रश्न : फिलिपिन्समध्ये ट्रान्स स्त्रीला स्वच्छतागृहात जाताना अडवलं तर दाद कुठे मागायची? (वाचक, ठाणे)

उत्तर : देशभर लागू असा थेट कायदा नाही, म्हणून आधी शहर बघायचं. क्वेझॉन सिटीत २०१४ पासून भेदभावविरोधी वटहुकूम, म्हणजे शहराचा स्वतःचा कायदा, आहे आणि त्यात सर्वलिंगी स्वच्छतागृहांची तरतूदही आहे. तरी ऑगस्ट २०१९ मध्ये तिथल्याच क्युबाओ भागातल्या मॉलमध्ये एका ट्रान्स स्त्रीला महिलांच्या स्वच्छतागृहातून अडवून बेड्या घातल्या गेल्या. नियम पुस्तकात होता, सफाई कामगारापर्यंत आणि रक्षकापर्यंत पोचलाच नव्हता. म्हणून वटहुकुमाची प्रत फोनमध्ये ठेवावी, वेळ आणि जागा लगेच लिहून काढावी आणि तक्रार शहराच्या कार्यालयात लेखी द्यावी.

शिवीगाळ झाली तर २०१९ चा कायदा क्र. ११३१३ देशभर चालतो. ट्रान्स व्यक्तीला तिच्या ओळखीवरून शिवी देणं त्यात गुन्हा आहे : पहिल्या वेळी १,००० पेसो दंड आणि १२ तास समाजसेवा. तक्रार बारांगायमध्ये, म्हणजे अगदी मोहल्ल्याच्या पातळीवरच्या शासनाकडेही करता येते.

प्रश्न : माझी ट्रान्स भाची वैद्यकीय शिक्षणासाठी दावाओला जाणार आहे. काय बघावं? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दावाओत २०१२ पासून भेदभावविरोधी वटहुकूम आहे, हे बरं. पण गणवेश, केसांची लांबी आणि वसतिगृहाचे नियम कॉलेज स्वतः ठरवतं. शिक्षण खात्याचा २०१७ चा लिंगभाव-धोरणाचा आदेश शाळांसाठी आहे, कॉलेजांसाठी नाही. तिथल्या नोंदी भारतीय पासपोर्टवरूनच होतील, त्यामुळे नाव आणि लिंग इथूनच दुरुस्त करून निघालेलं उत्तम. फी भरण्याआधी कॉलेजला ईमेल करून तीन गोष्टी लेखी मागा : गणवेश कोणता, खोली कोणत्या वसतिगृहात, पदवीदानाला पोशाख कोणता. एजंटचं तोंडी ‘काही अडचण येत नाही’ धरून चालू नका.