वाचकांचे प्रश्न : जुन्या ॲम्बेसेडरला नवा एक्झॉस्ट

प्रश्न : वडिलांनी घेतलेली १९७१ सालची ॲम्बेसेडर मार्क २ मी गेली दोन वर्षे सवडीने दुरुस्त करवून घेत आहे. पत्र्याचे काम आणि रंग झाला आहे. मात्र सायलेन्सर आणि मागचा पाइप गंजून चाळणीसारखे झाले आहेत. मूळ कंपनीचा माल मिळत नाही. एका दुकानदाराने स्टेनलेस स्टीलचा तयार संच आणि सोबत ‘फोर इन्टू वन’ हेडर (चार सिलिंडरांचा धूर चार पाइपांतून एका पाइपात आणणारा जोड) देऊ केला असून त्यामुळे इंजिनाची ताकद वाढेल, असे त्याचे म्हणणे आहे. हा संच घ्यावा का? आणि तो बसवताना कोणती काळजी घ्यावी?
— एक वाचक, सांगली

उत्तर : संच घेण्यास हरकत नाही, हेडर मात्र घेऊ नये. आपल्या गाडीचे १४८९ सीसीचे इंजिन हे मूळचे बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीच्या ‘बी’ मालिकेतले, मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातले आहे. त्याला सिलिंडर चार असले तरी हेडमध्ये (सिलिंडरांवरच्या झाकणात) एक्झॉस्टची तोंडे तीनच आहेत, कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचा धूर मधल्या एकाच तोंडातून बाहेर पडतो. त्यामुळे चार पाइपांचा हेडर दाखवणाऱ्या दुकानदाराला एवढेच विचारावे, की चौथा पाइप कोठे बसवायचा. या इंजिनासाठी परदेशात जे हेडर बनतात ते तीन पाइपांचे असतात आणि त्यांतला मधला पाइप मुद्दाम लांब ठेवलेला असतो. या इंजिनाचा प्रज्वलनक्रम (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ असल्यामुळे २ आणि ३ यांचे झोत एकमेकांपासून नेमके एका फेऱ्याच्या अंतराने येतात, १ आणि ४ यांचेही तसेच. म्हणून कडेचे दोन पाइप आधी एकत्र करून मग त्यांना मधल्याशी जोडणे फायद्याचे ठरते. परंतु हा फायदा दोन कार्बोरेटर आणि वेगळा कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) असलेल्या, सतत चढ्या फेऱ्यांवर चालणाऱ्या इंजिनाला होतो. घरच्यांना घेऊन नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्या ॲम्बेसेडरला हेडला पाइप जोडणारा मूळचा बिडाचा भाग, म्हणजे मॅनिफोल्डच शोभतो, आणि तो पन्नास वर्षे टिकला आहे याकडेही दुर्लक्ष करू नये.

हेडर नाकारण्याचे आणखी एक, अधिक व्यावहारिक कारण आहे. या इंजिनात इंटेक (मिश्रण आत नेणारा) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर नेणारा) हे दोन्ही मॅनिफोल्ड हेडच्या एकाच बाजूला शेजारी शेजारी बसतात आणि काही स्टडवरचा (हेडमध्ये बसवलेल्या आट्यांच्या खिळ्यांवरचा) एकच जाड वॉशर दोघांच्याही कडा दाबून धरतो. बाहेरच्या, म्हणजे मूळ कंपनीच्या नसलेल्या, मालाच्या कडेची जाडी मूळ मालापेक्षा अर्ध्या मिलिमीटरने जरी कमी-जास्त असली, तरी वॉशर तिरका बसतो, एक कड घट्ट होते आणि दुसरी सैल राहते. इंटेकची कड सैल राहिली तर इंजिन आयडलिंगला (गाडी उभी असताना नुसते चालू ठेवल्यावर) थरथरते आणि मेकॅनिक दिवसभर कार्बोरेटरला दोष देत बसतो. एक्झॉस्टची सैल राहिली तर उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढल्याबरोबर सायलेन्सरमध्ये फटाके वाजू लागतात. आपण मूळ मॅनिफोल्ड ठेवणार असलात तरीही हे तपासावे, कारण मागे कोणीतरी एखादा मॅनिफोल्ड बदललेला असू शकतो. व्हर्नियरने दोन्ही कडा मोजाव्यात आणि फरक आढळल्यास गॅसकेटवर (सांध्यातल्या पातळ गादीवर) गॅसकेट न चढवता मशीन शॉपमधून पृष्ठभाग सरळ करून घ्यावा किंवा पायरी काढलेला वॉशर बनवून घ्यावा. मॅनिफोल्ड वाकला आहे की नाही, हे सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पात्या) लावून पाच मिनिटांत कळते.

जुने नट काढण्याची घाई करू नये. गंजलेला स्टड हेडमध्ये तुटला, तर तो काढण्याचा खर्च सायलेन्सरच्या किमतीहून जास्त होऊ शकतो. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडावे, सकाळी इंजिन थोडे गरम करावे आणि पाना आधी किंचित आवळण्याच्या दिशेला, मग सोडण्याच्या दिशेला असा खेळवावा. परत बसवताना पितळी नट वापरावेत. ते स्टडला जखडून बसत नाहीत.

आता पाइप आणि सायलेन्सरविषयी. ‘स्टेनलेस’ या एका शब्दाखाली बाजारात दोन अगदी वेगळे पत्रे विकले जातात. ३०४ प्रतीच्या पत्र्याला लोहचुंबक सहसा चिकटत नाही. ४०९ प्रतीच्या पत्र्याला चिकटतो आणि त्यावर कालांतराने तांबूस गंजाचा थर येतो. ४०९ वाईट असते असे नाही, अनेक नव्या गाड्यांना तोच पत्रा असतो. पण ३०४ ची किंमत देऊन ४०९ घरी आणू नये, म्हणून दुकानात जाताना खिशात चुंबक असावा. मग तो माल आपण पुण्याच्या नाना पेठेतून घ्या, नाहीतर कोलकात्याच्या मल्लिक बाजारातून मागवा. पाइपाचा व्यास मात्र मूळ पाइपाएवढाच ठेवावा. जाड पाइपाने ताकद वाढते, ही समजूत गॅरेजांमध्ये खोलवर रुजलेली आहे. प्रत्यक्षात सुमारे पन्नास अश्वशक्तीच्या इंजिनाला फार रुंद पाइप दिला तर धुराचा वेग मंदावतो आणि खालच्या फेऱ्यांवरची ओढ, म्हणजे ॲम्बेसेडरचा खरा गुण, कमी होते. वाढतो तो फक्त आवाज.

बसवण्याच्या कामात सर्वांत जास्त चुका होतात त्या पाइप टांगताना. इंजिन रबरी माउंटिंगवर डोलते, मागचा ॲक्सल पाट्यांवर खालीवर होतो आणि या दोहोंच्या मधून जाणारा पाइप बॉडीला टांगलेला असतो. शिवाय तो तापून लांबतो. ३०४ चा दोन मीटर पाइप २०० अंशांनी तापला तर जवळजवळ ७ मिलिमीटर लांबतो, साधा लोखंडी पाइप त्याच तापमानाला ५ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे ज्या गाडीत लोखंडी पाइप वर्षानुवर्षे सुखाने राहिला, तिथे स्टेनलेसचा पाइप क्रॉसमेंबरला (गाडीखालच्या आडव्या तुळईला) टेकू शकतो. म्हणून टांगण्याची रबरे नवी घ्यावीत. रबर मिळत नाही म्हणून पाइप थेट बॉडीला पट्टीने वेल्ड करून टाकण्याची आपल्याकडची पद्धत तर पूर्णपणे टाळावी, कारण काही महिन्यांत एकतर ती पट्टी तुटते किंवा सायलेन्सरचा सांधा फुटतो, आणि तोवर सारी गाडी आतून घुमत राहते.

सर्व भाग आधी सैल जोडावेत: पुढचा डाउन पाइप, मग सायलेन्सर, मग ॲक्सलवरून वळसा घेणारा टेल पाइप. एक पाइप दुसऱ्यात साधारण ४० ते ५० मिलिमीटर आत गेला पाहिजे. मग पुढून मागे येत प्रत्येक भाग फिरवून रेषेत आणावा आणि सगळे मनासारखे झाल्यावरच क्लॅम्प आवळावेत, तेही पुढून मागे याच क्रमाने. पेट्रोलच्या नळीपासून अंतर राखावे; केंद्रीय मोटार वाहन नियमांत ते किमान ३५ मिलिमीटर सांगितले आहे आणि मी तरी त्याहून जास्तच ठेवतो.

हे सारे करताना गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असली पाहिजे. याचा धडा मी स्वतःच्या चुकीतून घेतला. माझी गाडी बॉडीखाली घोडे लावून उचललेली होती, ॲक्सल खाली लोंबत होता आणि त्याच्या वर बोटभर मोकळी जागा पाहून मी समाधानाने सगळे क्लॅम्प आवळले. गाडी खाली उतरवली तेव्हा ॲक्सल वर आला. मागच्या सीटवर तिघे बसल्यावर पहिल्याच गतिरोधकावर पाइप आणि ॲक्सल यांची अशी गाठ पडली, की नव्या पाइपाला खोबण पडली. ती आजही आहे. म्हणून पिटवर किंवा रॅम्पवर गाडी चाकांवर उभी करून, डिकीत वजन ठेवून, मगच वळशाची जागा ठरवावी.

वेल्डिंग करावेच लागले तर बॅटरीची तार काढावी, अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या जागेजवळच लावावा आणि पेट्रोलच्या टाकीच्या आसपास काम असेल तर तो भाग गाडीतून काढूनच वेल्ड करावा. पहिल्यांदा इंजिन सुरू करण्यापूर्वी स्टेनलेसचा पाइप थिनरने पुसून घ्यावा, नाहीतर हातांचे ठसे तापून कायमचे उमटतात. पन्नास-शंभर किलोमीटर चालवून झाल्यावर, गाडी पूर्ण थंड असताना, सर्व क्लॅम्प पुन्हा एकदा आवळावेत. गळती शोधण्यासाठी थंड इंजिन सुरू करून सहकाऱ्याला टेल पाइपाच्या तोंडावर जाड फडके क्षणभर दाबायला सांगावे. जिथे सांधा फुटका असेल तिथून फुसफुस ऐकू येते, आणि साबणाचे पाणी लावले तर बुडबुडे दिसतात.

सायलेन्सरच्या तळाशी बारीक भोक दिसले तर ते दोष समजून बुजवू नये; ते पाणी निथळण्यासाठी असते. एक लीटर पेट्रोल जळले की जवळजवळ तेवढेच पाणी तयार होते. रोज लांब पल्ला जाणाऱ्या गाडीत ते वाफ होऊन निघून जाते. रविवारी दहा मिनिटे सुरू करून झाकून ठेवलेल्या गाडीत ते सायलेन्सरमध्येच साचते. जुन्या गाड्यांचे सायलेन्सर बाहेरून नव्हे, तर आतून सडतात ते यामुळेच. गाडी सुरू केलीच तर निदान अर्धा तास चालवावी.

प्रश्न : माझ्या प्रीमियर पद्मिनीला बाहेरचा सायलेन्सर बसवल्यापासून काचा उघड्या असताना गाडीत धुराचा वास येतो. मेकॅनिक म्हणतात, ‘जुनी गाडी आहे, चालायचेच.’
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : चालायचे नाही. बाहेरच्या मालात टेल पाइप बहुधा आखूड असतो. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो. पाइपाचे तोंड बंपरच्या आत राहिले तर धूर तिथेच घुटमळतो आणि डिकीच्या जीर्ण रबरातून आत ओढला जातो. पाइपाचे तोंड बंपरच्या थोडे बाहेर येईल असे जोडून घ्यावे, डिकीचे रबर बदलावे आणि फ्लोअरची भोके रबरी बुचांनी बंद करावीत. तरीही वास राहिला तर मॅनिफोल्डजवळचा सांधा पाहावा. तिथे गळती असल्यास काजळीचा काळा ओघळ दिसतो. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, तेव्हा वास कमी झाला म्हणजे धोका टळला असे धरून चालू नये. हे काम होईपर्यंत गाडीत मुलांना बसवू नये.

प्रश्न : १९६९ सालच्या फियाटची विंटेज म्हणून नोंदणी करायची आहे. बाहेरचा एक्झॉस्ट बसवल्याने अडचण येईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : जुलै २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत जी तरतूद झाली, तिच्यानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी यात बसते, चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. सायलेन्सर ही झिजणारी वस्तू आहे आणि ती बदलणे हा या अर्थाने फेरफार ठरू नये, परंतु गाडी पाहणाऱ्यांना ती मूळ स्वरूपातली दिसली पाहिजे. म्हणून मूळ आकाराचा, मूळ जागी बसणारा आणि चकचकीत टोक नसलेला सायलेन्सर निवडावा. स्टेनलेसचा पाइप फार झळाळत असेल तर त्याला उष्णतारोधक मळकट काळा रंग देता येतो. एक्झॉस्ट बदलल्यावर कार्बोरेटरचे मिश्रण पुन्हा जुळवून पीयूसी करून घ्यावे; या काळातल्या पेट्रोल मोटारींना आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे आणि व्यवस्थित जुळवलेली फियाट त्यात बसते. जुना गंजका सायलेन्सर मात्र भंगारात देऊ नका. नवा बनवणाऱ्या कारागिराला नमुना म्हणून तोच दाखवावा लागतो.